सील तसंच आहे

माझी धाकटी नणंद कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन डबीत घालून पाठवतात. ती त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात एकेक दात रोवते आणि पक्की कवळी घासूनपुसून परत धाडते. कारखाना म्हणजे जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. घरात तिला सगळे बारकी म्हणतात. आता छत्तिशीची झाली, तरी बारकीच. "शहरातली अर्धी म्हातारी माणसं माझ्या जिवावर हसतात," असं ती पूर्वी म्हणायची.

तेरा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी ती तातडीचं काम उरकायला एकटीच कारखान्यात गेली होती. अंगात निळा डगला, हातात हत्यारांची पिशवी, असा एक माणूस दारात आला. लिफ्ट दुरुस्तीला आलोय, फ्यूजचा बोर्ड कुठे आहे, असं त्याने विचारलं. तिने दार उघडलं. पुढचं मी सांगणार नाही. तिने ते एकदा डॉक्टरांना, एकदा पोलिसांना आणि बारा वर्षांनी एकदा न्यायालयात सांगितलं, तेवढं पुरे.

तिने फोन केला तो मला. आईला नाही, भावाला नाही.

"वहिनी, मी अंघोळ केलेली नाही," ती म्हणाली. "करायची नसते ना? तू ये."

दवाखान्यात चार तास गेले. नर्स वयस्कर होती, मृदू बोलायची. नखांखालचं, केसांतलं, अंगावरचं, सगळं ती कापसाच्या काड्यांवर आणि कागदाच्या पुड्यांत गोळा करत होती, आणि प्रत्येक वेळी आधी विचारत होती, "चालेल ना?" बारकी दर वेळी "हो" म्हणायची. एकदाच माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. शेवटी सगळ्या पुड्या पुठ्ठ्याच्या एका खोक्यात गेल्या. चपलांच्या खोक्याहूनही लहान खोका. नर्सने त्यावर पट्टी चिकटवली, सील केलं, सही केली, वेळ घातली.

"तुम्ही आज जे सोसलंत ना, ते सगळं यात आहे," ती म्हणाली. "हे वाया जाणार नाही."

तपास अधिकारी तो खोका काखेत मारून घेऊन गेला.

आमचे हे शाळेत मास्तर. तेव्हा सासूबाई आमच्याकडेच होत्या, रक्तदाबाच्या गोळ्यांवर. पहिले काही आठवडे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बारकी कामावर जायची थांबली होती. रोज सकाळी तिचा एकच प्रश्न असायचा, "फोन आला?"

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी हे घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, "पोलिसांचं कळलं. तपासणीत काही निघालं नाही. फाईल बंद करतायत."

बारकी वाटाणे सोलत बसली होती. "काही नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे काही नाही. कुणाचंच काही नाही."

"असं कसं होईल, दादा?"

"प्रयोगशाळेचं म्हणणं आहे, बारके. आपण काय करणार?"

त्यांनी आवाज चढवला नाही, नजर मात्र बुटांवरच ठेवली. मला ते तेव्हा दुःख वाटलं.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण ते न सांगता ही गोष्ट सांगणं लबाडीचं होईल. मी दवाखान्यात चार तास तिच्या शेजारी होते. तिच्या मानेवरचे वळ मी पाहिले होते. तरीही "काही निघालं नाही" हे शब्द ऐकले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. विज्ञान खोटं कसं बोलेल? कुणी ओळखीचा तर नसेल? काही लपवत तर नसेल? तोंडाने मी अवाक्षर काढलं नाही. पण घर लहान होतं, आणि लहान घरात न बोललेलंही ऐकू येतं. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं जेवणापाण्यापुरतं ठेवलं. यांनी एकदा जेवताना विचारलं, "नक्की तसंच झालं होतं ना?" बारकीने हातातला घास खाली ठेवला, उठून हात धुतले. महिन्याभरात तिने भाड्याने खोली घेतली आणि पुन्हा कामाला लागली. पुढे ती दर रविवारी यायची, दाराजवळच्या खुर्चीवर तासभर बसायची, आईची चौकशी करायची आणि जायची. लग्न केलं नाही. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

मी नगर वाचनालयात काम करते. सकाळी वर्तमानपत्रं मीच लावते. गेल्या वर्षी एके दिवशी आतल्या पानावर नव्या कायद्याची बातमी होती. अत्याचाराच्या प्रकरणांत गोळा केलेले हजारो सीलबंद खोके वर्षानुवर्षं न तपासता पडून आहेत असं उघड झालं होतं. यापुढे असा प्रत्येक खोका तीस दिवसांत डीएनए तपासणीला गेलाच पाहिजे, जुने सगळे मोजून वर्षाच्या आत तपासले पाहिजेत, आणि आपला खोका कुठे आहे असं कोणत्याही बाईने विचारलं तर तिला लेखी उत्तर दिलंच पाहिजे.

मी ते पान घडी करून पर्समध्ये टाकलं. दोन दिवस ते तिथेच राहिलं. तिला द्यावं की नाही, खपली का काढायची, असं चाललं होतं. रविवारी दिलं.

बारकीने ते दोनदा वाचलं. "माझा तर तपासला होता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहवाल तरी बघायला मिळेल. कुणाची सही आहे, काय लिहिलंय. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. वहिनी, येशील बरोबर?"

मुद्देमालाचं ऑफिस पोलीस मुख्यालयाच्या मागे, तळमजल्यावर होतं. काचेमागे एक तरुण कारकून बाई बसली होती. तिने अर्ज घेतला, प्रकरणाचा क्रमांक टाइप केला आणि पडद्याकडे बघत राहिली.

"तुमचा खोका इथेच आहे," ती म्हणाली.

"तपासणी होऊन परत आला ना? अहवालाची प्रत हवीय."

कारकून बाईने मान वर केली. तिला आपण काय बोलणार आहोत ते कळलं असावं, कारण तिने आवाज उतरवला. "ताई, तो गेलाच नाही कुठे. सील तसंच आहे."

"नाही, नाही. तपासला होता. काही निघालं नाही म्हणून सांगितलंय आम्हाला."

तिने पडदा आमच्याकडे वळवला. नियमात बसत नसावं, पण वळवला. 'जमा' पुढे बारा वर्षांपूर्वीची तारीख होती. 'प्रयोगशाळेकडे रवाना' पुढे काही नव्हतं. 'सील: अभंग.'

बारकी तिथे किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मागे दुसरी बाई अर्ज घेऊन आली, तेव्हा ती बाजूला झाली. बाहेर पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, "माझ्याकडे ठसा आला की आठ दिवसांत कवळी जाते. प्लास्टर कमी असो, माणूस रजेवर असो. नाही गेली तर म्हातारी माणसं फोन करून जीव खातात. बारा वर्षं, वहिनी? साध्या खोक्याला?" आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासमोर.

घरी मी यांना सांगितलं. हे वह्या तपासत होते. लाल पेन हातातच राहिलं. "असं होय," एवढंच म्हणाले. मला वाटलं, धक्का बसला असेल.

तपासणीला सात महिने लागले. मग एक दिवस दोघीजणी बारकीच्या खोलीवर आल्या. एक पोलीस अधिकारी, एक समुपदेशक. बारकीने मला आधीच बोलावून घेतलं होतं. त्या चहाला नको म्हणाल्या, त्यावरूनच मी ओळखलं.

"जुळलंय," अधिकारी बाई म्हणाल्या. "माणूस तुरुंगातच आहे. दुसऱ्या एका बाईच्या प्रकरणात. शिक्षा झाली तेव्हा त्याचा नमुना नोंदीत गेला होता, म्हणून सापडला."

"लिफ्टवाला?"

"लिफ्टचं तो सांगायचा. लिफ्टशी त्याचा कधी संबंध नव्हता."

बारकीने मान हलवली. मग विचारलं, "ती दुसरी बाई. कधी झालं ते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुमच्यानंतर. पाच वर्षांनी."

समुपदेशक बाईंनी पुढे कायदा समजावला. फिर्यादीची मुदत दहा वर्षांची होती, ती सरली होती. पण नव्या कायद्याने डीएनए जुळल्याच्या दिवसापासून एक वर्ष नव्याने मिळत होतं. खटला चालवायचा की नाही ते बारकीने ठरवायचं. घाई नव्हती, पण तो माणूस पाच महिन्यांनी सुटणार होता.

"मला आधी त्या अधिकाऱ्याला भेटायचंय," बारकी म्हणाली. "ज्याने खोका नेला होता त्याला."

तो केव्हाच निवृत्त झाला होता. पत्ता मिळवायला वेळ लागला नाही. आम्ही दोघी गेलो तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्याच्या बायकोने चहा आणून दिला. त्याला बारकी आठवत नव्हती. तिने तारीख सांगितली, इमारत सांगितली.

"हां हां!" तो हसला. "कवळीवाली मुलगी! जबडेच जबडे होते खोलीत. आमचा हवालदार घाबरला होता."

बारकी हसली नाही. "माझा खोका तपासणीला का पाठवला नाहीत?"

तो जरा सावरून बसला. "तेव्हा असा कायदा नव्हता हो. पाठवायचं की नाही ते तपास अधिकारी ठरवणार. प्रयोगशाळेत आधीच ढीग. आरोपी हाताशी असेल ती प्रकरणं आधी. तुमच्यात तर नाव ना पत्ता."

"नाव-पत्ता त्या खोक्यातच होता. आणि वर घरी खोटं कळवलंत. काही निघालं नाही म्हणून."

"मी?" तो मनापासून चकित झाला. "मी कशाला असं कळवू? तुमचे बंधूच आले होते माझ्याकडे. मास्तर ना ते? म्हणाले, साहेब, आईला झेपत नाही, मुलीचं पुढे सगळं व्हायचंय, हे इथेच थांबवा. मी म्हटलं, मुलीची सही आणा. म्हणाले, ती नाही करायची. मग मी म्हटलं, राहू दे तर पडून. घरी काय सांगायचं ते तुम्ही बघा." त्याने हात झटकले. "खरं सांगतो ताई, मला तर तेव्हा त्यांची दयाच आली."

मी हातातला कप खाली ठेवला.

जिन्यात बारकी थांबली. "वहिनी, तुला माहीत होतं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं. आत्ता कळलं, तुझ्याबरोबर."

तिने माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने आम्ही तिच्याकडे बारा वर्षं पाहत आलो, त्याच नजरेने. माझ्याकडे कुठे सीलबंद पुरावा होता? मी नुसती कठडा धरून उभी राहिले. शेवटी ती म्हणाली, "चल."

ती थेट आमच्या घरी आली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली नाही, यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तू त्याला सांगितलंस? खोका ठेवून दे म्हणून?"

हे नाकारतील असं मला वाटलं होतं. नाकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं, असंही वाटतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हो," म्हणाले.

"का?"

"आई रात्ररात्र झोपत नव्हती. तू खात नव्हतीस. उद्या कोर्टात उभी राहिली असतीस, वकिलाने चिंध्या केल्या असत्या. पेपरात आलं असतं. मला वाटलं, काही निघालं नाही म्हटलं की संपेल. दोन-चार महिने त्रास होईल, मग विसरशील."

"आणि मी खोटी ठरले ते?"

"तसं मी कधी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस? जेवताना विचारलंस मला, नक्की तसंच झालं होतं ना. तुला माहीत होतं खोका बंद आहे, आणि तरी विचारलंस!"

हे फार हळू म्हणाले, "मीच रचलेलं मलाच खरं वाटायला लागलं होतं, बारके."

"आई मला खोटारडी समजून गेली. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते, तू पायथ्याशी होतास. एक वाक्य बोलायचं होतंस. तिला आता कोण सांगणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि पाच वर्षांनी त्याने दुसऱ्या बाईला धरलं. तिला तू सांगशील? तुझ्या आईला झेपत नव्हतं म्हणून?"

ती गेली. मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने बोलले तेव्हा एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तू तिला सांगितलं असतंस." हे खरं होतं की नाही, मला अजून नक्की माहीत नाही.

बारकीने खटला चालवायचं ठरवलं. त्या माणसाच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे पवित्रा बदलला. डीएनए नाकारता येत नाही म्हटल्यावर त्याचं म्हणणं असं, की दोघांची आधीपासून ओळख होती, जे झालं ते राजीखुशीने. आणि वर हे, की घरच्यांनीच तेव्हा तपास थांबवायला लावला, म्हणजे घरच्यांचाही मुलीवर विश्वास नव्हता. निवृत्त अधिकाऱ्याचा जबाब त्याच्या हातात होता. सरकारी वकील बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, "भाऊ साक्षीला उभे राहिले तरच हे खोडता येईल. पण त्यांना सगळं सांगावं लागेल."

मी घरी येऊन निरोप सांगितला. शाळेत कळेल, पालक बोलतील, हे सांगायची गरज नव्हती. ज्याला भिऊन त्यांनी बारा वर्षांपूर्वी पाऊल उचललं होतं, ते सगळं आता दुप्पट होऊन दारात उभं होतं. ते रात्रभर जागे असावेत. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "वकिलीणबाईंना कळव, येतो म्हणून."

साक्षीच्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी गेले, काय बोलले, घरी काय खोटं सांगितलं. बारकी पहिल्या ओळीत बसली होती, समोर बघत. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे बहिणीवर तुमचा विश्वास नव्हता?"

"होता," हे म्हणाले. "तिचं खोटं असतं तर मला भ्यायचं कारणच नव्हतं. खरं होतं म्हणून मी घाबरलो."

वकिलाने कागद चाळले आणि खाली बसला.

त्या माणसाला आणखी दहा वर्षांची शिक्षा झाली. तो सुटायचा होता त्याच्या तीन आठवडे आधी. अधिकाऱ्याला काही झालं नाही. त्याने तेव्हाचा कोणताच नियम मोडला नव्हता, कारण मोडायला नियमच नव्हता. यांच्याबद्दल शाळेत बोलणं झालं, दोन पालकांनी मुलांचे वर्ग बदलून घेतले. हे रोज वेळेवर शाळेत जातात.

निकालाच्या दिवशी मागच्या बाकावर एक बाई बसली होती. चाळिशीची, अंगात दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचा कोट, बहुधा कामावरून तशीच आलेली. सगळे बाहेर पडले तेव्हा ती बारकीजवळ आली.

"तुमचं माझ्या आधी झालं होतं ना?"

"हो," बारकी म्हणाली.

"किती?"

"पाच वर्षं."

त्या बाईने मान हलवली. 'तुमचा काही दोष नाही' असं ती म्हणेल, म्हणून आम्ही दोघी थांबलो होतो. ती म्हणाली नाही. तिने बारकीचा हात क्षणभर हातात घेतला आणि निघून गेली. बारकी जिथे होती तिथेच उभी राहिली.

"तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

आता बारकी आमच्याकडे येत नाही. मी रविवारी तिच्या खोलीवर जाते. हे दारापर्यंत सोडायला येतात आणि "कशी आहे ते बघ" म्हणतात. मी म्हणते, तुम्हीच विचारा. अजून विचारलेलं नाही.

मागच्या खेपेला मी धीर केला. "बारके, तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. तू काही लपवतेस की काय म्हणून."

ती मेणात दात बसवत होती. घरीही काम आणते हल्ली. तिने मान वर केली नाही. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"वाटाणे सोलत होते ना, त्या दिवसापासून."

"मग दर वेळी मलाच का नेत होतीस बरोबर?"

तिने सुरी पुसली, बाजूला ठेवली. "दुसरं होतं कोण, वहिनी?"